भूत नको, बुजगावणं करा

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांचं हॅलोवीन ठरलंय, तिसरीतला मुलगा रोज विचारतोय मी काय होऊ. ड्रेसचं भाडं आणि वर डिपॉझिट ऐकून दुकानातनं परत आले. दिवाळीचा खर्च आहेच. दोनशे रुपयांत घरी काय होईल? शिवण जेमतेम येतं. त्यात सासूबाई म्हणतात, सणासुदीला घरात भुतं कशाला!
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अगं दोनशे पण लागायचे नाहीत. हळदीच्या गावात राहतेस, मार्केट यार्डात नाहीतर किराणावाल्याकडं एक रिकामं बारदान माग. ज्यूटचंच हं, प्लॅस्टिकच्या पोत्यात पोरगं उकडून निघेल. त्याचं बुजगावणं कर. तिकडं अमेरिकेत पण हॅलोवीनला पोरं बुजगावणं होतातच, त्यामुळं थीम सुटत नाही आणि सासूबाईंना सांगता येतं की भूत नाही, रानातलं बुजगावणं आहे.

पोतं उलटं करून गच्चीवर काठीनं झोडप आणि दिवसभर उन्हात टाक, पिवळं राहिलं तर राहू दे, सांगलीचंच बुजगावणं ते. शिवलेली बाजू वर घेऊन मधोमध गळा काप, पण आधी छोटाच, डोकं जेमतेम जाईल एवढा, कारण ज्यूट कापलं की उसवत जातं आणि बघता बघता खांद्यावरनं उतरतं, माझ्या भाच्याचं तसंच झालं, ऐन वेळी सेफ्टी पिना मारल्या. म्हणून कापल्या कापल्या कडेवरनं फेविकॉलचं बोट फिरव, वाळू दे, मग हातांची भोकं. आत बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट पाहिजेच, ज्यूट खाजतं. कापलेल्या तुकड्यांचे धागे सोडवून मनगटाला आणि गुडघ्याखाली बांध, लांबून कडबाच वाटतो. डोक्याला मुंडासं. तोंडाला पोस्टर कलर अजिबात नको, काजळानं ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर एक रेघ आणि तिच्यावर टाक्यांसारख्या बारीक उभ्या रेघा, बास. काजळ आदल्या दिवशी हाताला लावून बघ.

चादरीचं भूत सोपं आहे, पण निम्मी सोसायटी तेच करणार आणि चादर पायात येते ती वेगळीच. भोपळ्यात मेणबत्ती लावणार असतील तर सेलचा दिवा ठेवायला सांग, ज्यूटच्या झिरमिळ्या पटकन पेटतात.

मडक्यावर चुन्यानं बुजगावण्याचे डोळे कसे काढायचे ते सासूबाईंनाच विचार, काजळ त्यांच्याच हातात दे. आणि पोतं चढवायच्या आधी पोराला बाथरूमला पाठव.