कारण खरं होतं, तरीही

"मॅडम, साहेबांचा माझ्यावर विश्वासच नाही." खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी सांगून टाकलं. पस्तिशीच्या आतले, खरेदी विभागात सात वर्षं काढलेले गृहस्थ. महत्त्वाचं काम आलं की ते यांच्या मागून आलेल्या सहकाऱ्याकडे जातं. यांच्याकडे जे येतं त्याचीही दर दोन दिवसांनी फोनवरून चौकशी. "मी काय लहान मूल आहे का?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तक्रार मात्र जशीच्या तशी, आणि ती मी फार जणांकडून ऐकते.)

पहिल्या दिवशी मी नुसती ऐकत होते आणि वहीच्या कडेला त्यांच्या वाक्यांतले कर्ते टिपत होते. पुरवठादाराने, अकाउंट्सने, सिस्टिमने, साहेबांनी. पाऊण तासात 'मी' चारदाच आला: मी सांगितलं होतं, मी मेल टाकला होता, मी म्हणतच होतो, मी काय करणार.

हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. कारण त्यांच्या बहुतेक सबबी खऱ्या होत्या. पुरवठादार खरंच उशीर करत होता, सिस्टिम खरंच बंद पडत होती. खरं बोलणाऱ्या माणसाला 'तू सबबी सांगतोस' म्हटलं की तो पुन्हा येत नाही.

आपल्या बाबतीत जे घडतं त्याचा कर्ता माणूस कुणाला मानतो, यावर ज्यूलियन रॉटर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली सविस्तर लिहिलं होतं. काहींना वाटतं, जे घडतं ते बरंचसं आपल्या करण्यामुळे. काहींना वाटतं, ते नशिबाने किंवा दुसऱ्याच्या मर्जीने. आपण बहुतेक जण मधेच कुठेतरी असतो. ही कल्पना मी जपून वापरते. 'सगळं तुझ्याच हातात आहे' असं म्हणत तिची छडी करणारे पुष्कळ आहेत, आणि पक्षपाती साहेबाच्या हाताखाली पिचणाऱ्याला असं सांगणं हा निव्वळ अन्याय आहे.

दुसऱ्या भेटीला त्यांना स्वतःचे तीन जुने मेल आणायला सांगितलं. पहिल्यात होतं, 'पुरवठादाराकडून दरपत्रक न आल्यामुळे तुलनात्मक तक्ता देता आला नाही.' वेळ गुरुवार, संध्याकाळचे ५.४०. तक्ता द्यायचा दिवसही तोच.

"दरपत्रक वेळेत येणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

बराच वेळ शांतता. "सोमवारी."

बाकीच्या दोन मेलमध्येही तेच होतं. अडचण खरी, पण साहेबांना ती कळायची काही करण्यासारखं उरलेलं नसताना. मग तो दर दोन दिवसांचा फोन वेगळा दिसायला लागला. आधी कळण्याचा दुसरा मार्ग साहेबांकडे नव्हताच.

विश्वासाबद्दल मेयर, डेव्हिस आणि स्कूरमन या तीन अभ्यासकांनी १९९५ साली केलेली मांडणी मला इथे कामाची वाटते. समोरच्यावर विसंबताना माणूस तीन गोष्टी पाहतो: त्याला ते काम येतं का, तो आपलं भलं बघतो का, आणि त्याच्या बोलण्या-वागण्याचा मेळ बसतो का. या गृहस्थांनी दोन कोर्स केले होते, तिसऱ्याची चौकशी चालली होती. म्हणजे सगळी डागडुजी पहिल्या खांबाची, जो मुळात पक्का होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरंच टोक गाठलं. आता कुणाला काही विचारायचं नाही, सगळं आपलं आपण! एका किचकट हिशेबावर दोन दिवस एकटेच बसले आणि तो चुकला. शेजारच्या टेबलावर विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. स्वावलंबन म्हणजे तोंड शिवून बसणं, हा गैरसमज मेहनती माणसांत जास्त असतो. आम्ही एक साधी सवय ठरवली. विचारायला जाताना हात हलवत जायचं नाही: मी काय करून पाहिलं, कुठे अडलो, आणि उत्तर मिळेपर्यंत काय करणार आहे, एवढं बरोबर न्यायचं.

चौथ्या भेटीत माझीच पंचाईत झाली. त्यांना एक तक्ता पाठवायचं कबूल केलं होतं आणि पाठवला नव्हता. 'या आठवड्यात इतकी धावपळ...' हे अगदी ओठांवर आलं. गिळलं. "विसरले. आज संध्याकाळी सातपर्यंत पाठवते."

ते हसले. "कारण नाही सांगितलंत?"

"आहे की. पण त्याने तक्ता आला असता का?"

सातला दहा कमी असताना पाठवला. खरं सांगायचं तर गजर लावून ठेवला होता.

दोनेक महिन्यांनी ते एक नवा मेल दाखवायला घेऊन आले. 'तीनपैकी दोन दरपत्रकं आली आहेत. तिसऱ्याला आठवण करायला मला उशीर झाला. उद्या दुपारी बारापर्यंत न आल्यास दोघांवरच तक्ता करून देतो. चालेल का?' हा मंगळवारी सकाळी गेला होता, मुदत होती गुरुवारची. साहेबांचं उत्तर एका शब्दाचं: 'ओके.'

"एवढं लिहिलं आणि नुसतं ओके!" ते खट्टू झाले होते. मोठं काम अजूनही त्या सहकाऱ्याकडेच जात होतं.

"आणि बुधवारचा फोन?" मी विचारलं.

"नाही आला." थोडं थांबून म्हणाले, "दिवसभर मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं."