नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने दुकानात पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, समोरच्या डेअरीतून दही आणायलाही तुम्ही त्याला एकटं पाठवत नाही, घरचे म्हणतात ‘अती करतेस’, आणि तुम्हाला कळत नाही की चुकतंय कोण. मी दोन मुलांची आई आहे, ठाण्यात राहते. तुमची भीती मला पूर्ण समजते. तिला खोटं ठरवायला मी हे लिहीत नाहीये.

माझी मोठी मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत मी तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. एका पावसाळी संध्याकाळी लोकल बंद पडल्या, मी स्टेशनवर अडकले. फोनवर तिला म्हटलं, कुकर लावून ठेव, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. ती रडायला लागली. लायटर हातात धरायचीच तिला भीती वाटत होती. त्या रात्री ती बिस्किटं खाऊन झोपली. तिची ती भीती माझ्याकडूनच आली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

धाकट्याच्या वेळी सासूबाई वाईहून आमच्याकडे राहायला आल्या. एक दिवस ऑफिसमधून घरी आले तर सात वर्षांचा माझा मुलगा विळीवर भेंडी चिरत बसलेला. एक पाय विळीच्या पाटावर घट्ट दाबलेला, पातं समोर, जीभ दातात धरून चाललेलं काम. शेजारी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर फक्त त्याच्या बोटांवर. मी दारातूनच ओरडले. तो दचकला, त्याने मान वळवली, आणि अंगठ्याच्या बाजूच्या बोटाला चीर पडली.

सासूबाईंनी बोट नळाखाली धरलं, स्वच्छ कापडाने दाबून बसल्या. रक्त थांबल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “आठ दिवस चिरतोय तो. आज कापलं, कारण त्याचं लक्ष तुझ्याकडे गेलं.” तो आठ दिवस काय शिकला होता ते नंतर पाहिलं: भाजी पुढे ढकलायची, बोटांची टोकं आत मुडपून घ्यायची, मध्येच उठायचं असेल तर आधी पातं मिटवायचं आणि मगच उठायचं. धोक्याची वस्तू हाताळायची पद्धत त्याला कुणीतरी शेजारी बसून दिली होती. मोठीला मी फक्त ‘हात लावू नकोस’ दिलं होतं.

नॉर्वेतल्या एलन सँडसेटर या संशोधिकेने लहान मुलांच्या जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार मांडले आहेत: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-विस्तव, दंगामस्ती-कुस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. वाचताना मला आमच्या लहानपणीचं आंब्याचं झाड आणि पाठीला डबा बांधून विहिरीत घेतलेली उडी आठवली. त्यांचं म्हणणं असं की अशा खेळांतून मूल थोडी थोडी भीती स्वतः पेलायला शिकतं.

पण सगळ्या भीतींना मी एकाच मापाने मोजत नाही. कठडा नसलेली गच्ची, उघडी पाण्याची टाकी, पावसाळ्यात भरलेल्या खाणी, विजेची वायर, पतंगाचा मांजा, इथे मी आजही ठाम ‘नाही’ म्हणते. आणि स्कूटर. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं, कायदाच आहे तो. त्याहून लहान मुलांना पट्टा आणि हेल्मेट लागतं आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. आपण मात्र मुलाला उघड्या डोक्याने पुढे उभं करून शाळेत सोडतो आणि दह्याला एकटं पाठवायला घाबरतो. काळजी जिथे खरी हवी तिथे ती लागत नाही, हे मला फार खुपतं.

अनोळखी माणसांची भीती तुम्ही लिहिली आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच निघतो, हे सरकारी आकडे दर वर्षी सांगतात. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच मी शिकवलं नाही. वाट चुकलास तर दुकानदाराला, वॉचमनला किंवा मुलाला घेऊन चाललेल्या बाईला विचार, कुणाहीबरोबर कुठे जायचं नाही, आणि कुणी ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं तर तेच आधी येऊन सांग, हे शिकवलं. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दोघांनाही पाठ आहे.

आता तुमच्या दह्याचं. रविवारी सकाळी तुम्ही दोघं जा, पण पुढे त्याला चालू द्या. रस्ता कधी ओलांडायचा ते त्याने सांगायचं. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायला लावा, राँग साइडने येणाऱ्या बाइका आपल्याकडे किती असतात तुम्हाला माहीत आहे. उभ्या बससमोरून ओलांडायचं नाही, हे एकदा तिथेच उभं राहून दाखवा, कारण बसमागून येणारी गाडी त्याच्या उंचीवरून दिसत नाही. हातात नोट द्या, सुटे पैसे त्यालाच मोजू द्या. क्यूआर कोडमुळे मुलांना ते येईनासं झालंय. चार-पाच वेळा असं झालं की तुम्ही गेटपाशी थांबा. मग बाल्कनीत. आमच्याकडे याला दीड महिना लागला. पहिल्यांदा धाकटा एकटा गेला तेव्हा दह्याऐवजी ताक घेऊन आला, आणि आम्ही त्याची कढी केली.