वाचक विचारतात : चौकटीतला बैल

प्रश्न : रविवार कारंजाजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक फ्रेम घेतली. खाली 'दि डरहॅम ऑक्स' आणि १८०२ असं छापलंय. धड धान्याच्या कणगीसारखं, पाय काडीचे, डोकं एवढंसं. असा बैल खरंच होता का? त्याची अवलाद आज मिळते का? माझ्याकडे गाई आहेत म्हणून विचारतो. (एक वाचक, निफाड)

उत्तर : गाई पाळता आणि असं विचारता? अहो, तो बैल होता, वळू नव्हे. खच्ची केलेल्या जनावराची अवलाद कुठून येणार?

होता मात्र खरा. १७९६ साली इंग्लंडात डार्लिंग्टनजवळच्या केटनला, चार्ल्स कॉलिंग यांच्या गोठ्यात जन्मला. मे १८०१मध्ये जॉन डे यांनी तो त्याच्या गाडीसकट २५० पौंडांना घेतला. दोन महिन्यांत २,००० पौंडांना मागणी आली, तरी दिला नाही. सहा वर्षं इंग्लंड-स्कॉटलंडभर त्याचं प्रदर्शन करत फिरले. १८०७मध्ये ऑक्सफर्डला बैलाचा खुबा निखळला आणि शेवटी त्याला कापावं लागलं. त्याच्या नावाचे पब तिकडे अजून आहेत.

चित्र मूळचं जॉन बोल्टबी यांचं. तुमचा कागद तेव्हाचा की नंतरची नक्कल, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून सांगता येणार नाही. आकारात थोडी अतिशयोक्ती धराच. त्या काळी मांसाला आणि मेणबत्तीच्या चरबीला भाव होता, म्हणून मालकाला जनावर लठ्ठ दिसायला हवं असे. थॉमस ब्यूइक या खोदचित्रकाराला तर नसलेल्या जागी चरबीचे गोळे काढायला सांगितलं होतं. त्यानं नकार दिला.

चित्रापेक्षा मला त्या बैलाच्या बापाची नोंद मोलाची वाटते. बाप 'फेव्हरिट'. जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळी गोळा करून १८२२ साली छापल्या, त्यात तो २५२ क्रमांकाला आहे. क्रमांक नावांच्या अकारविल्हे दिलेले, त्यामुळे कितीतरी आधी जन्मलेला 'हबॅक' हा वळू ३१९वा आणि नंतरचा 'कॉमेट' १५५वा. हा कॉमेट १८१०मध्ये १,००० गिनींना विकला गेला. त्याचा बाप फेव्हरिट. आई फेव्हरिटचीच मुलगी, आणि त्या आईची आई म्हणजे फेव्हरिटचीही आई! आपल्याकडे सगोत्रावरून लग्नं मोडतात.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या खापरपणजोबाचं नाव सापडेल. कोट्सनी तीच वही गुरांची केली, इतकंच.

मी पशुवैद्यकीय खात्यात होतो तेव्हा इगतपुरीकडे एका आजोबांच्या गोठ्यात डांगी खोंडाला टॅग मारायला गेलो होतो. मुसळधार पाऊस, आणि डांगी जनावरं त्यात खुशाल उभी. आजोबा खोंडाच्या आईकडून मागे मागे सांगत गेले: ही कबरी, कबरीची आई मोरी, मोरीला वळू कुठल्या पाड्यावरचा, तो दाव्याला कसा ओढायचा. सहा पिढ्या. माझ्या छापील फॉर्मात रकाने दोनच, आई आणि बाप. बाकीचं मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं. कार्यालयात तो टाइप झाला, पण पुढचीच बाजू.

तुमच्या गोठ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाईच्या आजीचं नाव काय? कळवा. आणि कळवण्याआधी वहीत लिहून ठेवा, दोन्ही बाजूंनी.