रेडिएटर वरून गार, खालून गरम

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. कॉम्बी बॉयलर (नळाचं पाणी आणि घर गरम ठेवणारे रेडिएटर, दोन्ही एकटाच तापवणारा) चालू असतो, नळाला कडक पाणी येतं, पण माडीवरचे रेडिएटर वरच्या अंगाला गारच. बॉयलर बदलावा का?

उत्तर : अजिबात घाई करू नका. नळाला कडक पाणी येतंय म्हणजे बर्नर ठीक आहे. रेडिएटरमध्ये हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्या. वरच्या कोपऱ्यातल्या ब्लीड व्हॉल्व्हला चावी लावा, खाली फडकं धरा, डावीकडे अर्धा फेरा द्या. फुस्स आवाज थांबून काळपट पाणी ठिबकलं की लगेच बंद करा.

यानंतर प्रणालीतल्या पाण्याचं प्रेशर उतरतं, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. प्रणाली गार असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारमध्ये (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा. कमी असेल तर फिलिंग लूपमधून (नळाचं पाणी प्रणालीत भरायची जोडनळी) सावकाश पाणी भरा आणि तिचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा; उघडा राहिला तर ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह घराबाहेर पाणी सोडू लागतो.

रेडिएटर खालून मध्यभागी गार असेल तर मात्र तो आत साचलेला गाळ. त्याला फ्लशिंगच (आतून पाण्याने धुऊन काढणं) लागतं. बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका, ते काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनिअरचंच.