राखलेल्या गवतालाही माणसं लागतात

प्रश्न : मुलगा अमेरिकेत इलिनॉय राज्यात नोकरीला आहे. शनिवारी पहाटे उठून दीड तास गाडी चालवत नाचुसा नावाच्या गवताळ जागेवर जातो आणि तिथे तण उपटतो. ती जमीन एका संस्थेने विकत घेऊन राखून ठेवली आहे म्हणे. मग आता करायचं काय उरलं? एवढी हौस आहे तर झाडं का लावत नाहीत? जूनमध्ये मी तिकडे जाते आहे. "आई, तूही चल," म्हणतो. साठी ओलांडलेल्या बाईला झेपेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, जरूर जा. मीही त्याच राज्यात राहते आणि बरीच वर्षं नाचुसाला जाते आहे.

आधी झाडांचं सांगते. मी माण तालुक्यातली. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेल्या माळाला कुणी किंमत देत नाही, हे लहानपणापासून बघितलंय. म्हणून तुमचा प्रश्न मला परका वाटला नाही. पण प्रेअरी, म्हणजे तिकडचा गवताळ माळ, हे तुटलेलं जंगल नव्हे. तिथलं गवत वर दिसतं त्याहून जास्त जमिनीखाली मुळांत असतं. वरून वणवा गेला तरी ते पुन्हा फुटतं, झुडपं मात्र जळतात. आग बंद झाली की झुडपं माजतात, सावली पडते आणि गवत मरतं. म्हणून तिथे जाणकार माणसं ठरवून, वारा बघून जाळ लावतात. अशा जागी झाड लावणं म्हणजे गवताच्या मुळावर उठणं.

इलिनॉयात एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. अस्सल म्हणावी अशी आज हजारात एक एकरही उरलेली नाही. 1837 साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने चिकट काळ्या मातीतून सहज सरकणारा पोलादी नांगर बनवला, तो नाचुसाच्या जवळच, ग्रँड डीटूर गावात. नाचुसाचे खडकाळ उंचवटे नांगराला दाद देईनात, म्हणून तेवढे वाचले. 1986 मध्ये 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने तिथली पहिली जमीन घेतली. मग आजूबाजूची मक्या-सोयाबीनची शेतं जोडत आता ती सुमारे 4,000 एकर झाली आहे. 2014 पासून तिथे बायसन, म्हणजे तिकडचे रानबैलही चरतात.

पण खरेदीखताने नांगर थांबतो, तण थांबत नाही. तुमच्या भेटीच्या दिवसांत स्वीट क्लोव्हर फुललेली असेल. मेथीच्या कुळातली, पांढऱ्या तुऱ्यांची. दुसऱ्या वर्षी फुलते, बी टाकते आणि मरते. ते बी मातीत कितीतरी वर्षं जिवंत राहतं. म्हणून बी धरायच्या आत उपटायची, आणि दर वर्षी उपटायची. पाऊस पडून गेला असेल तर बुडाशी धरून सावकाश ओढा, मुळासकट येते. कोथिंबिरीची जुडी उपटलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. दमलात की बसा, कुणी काही म्हणत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते : बडीशेपेसारख्या पिवळ्या छत्र्यांचं वाइल्ड पार्सनिप दिसलं तर हात लावू नका. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. पहिल्याच वर्षी माझ्या मनगटावर आले होते, डाग दिवाळीपर्यंत गेला नव्हता. पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचलेली, एवढं हवंच.

शरदात तिथे हाताने बी गोळा करतात आणि जुन्या शेतांवर पेरतात. तेव्हा तुम्ही परतलेल्या असाल. मुलाला म्हणावं, प्रेअरी ड्रॉपसीड नावाचं गवत फुललं की वास घेऊन बघ. मला तर दर वेळी कोथिंबिरीचाच येतो.

तुम्ही कंपास प्लांट बघा. कातरलेली मोठी पानं उभी, कडा उत्तर-दक्षिण. भर उन्हात त्या पानावर तळहात ठेवा. गार लागतं.