अर्ज लवकर, सही उशिरा

बाळा,

अनेक आशीर्वाद. सही करू नकोस. 'चेक घेऊन सही करू का?' या तुझ्या मेसेजचं उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून लिहिते.

अपघातानंतर नडगीत रॉड, घरभाडं थकलेलं, आणि गाडीवाले गृहस्थ चाळीस हजारांचा चेक नि टाइप केलेला कागद ठेवून गेलेत. 'यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.' आई म्हणते, माणूस चांगला आहे, दोनदा फळं घेऊन आला, मिटवून टाक. असेल चांगला. पण राँग साइडने वळवून त्यांनी तुला उडवलं, आणि त्यांच्या गाडीचा विमा चालू आहे हे तूच सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहिलंस. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या, विम्यात माणसाला झालेल्या इजेसाठी वरची मर्यादा नसते. हप्ता त्यांनी याचसाठी भरला. त्यांच्या ताटातलं तू काही ओढून घेत नाहीस, तेव्हा हा संकोच आधी टाक.

आता नीट ऐक. अर्ज लवकर, सही उशिरा. अर्ज म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगर कोर्टात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली करायचा तो. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. 'पाय बरा झाला की बघू' असं तू लिहिलंयस, ते वाचून मला राग आला. पाय बरा व्हायला सहा महिने सहज जातील! व्याजसुद्धा अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही. म्हणजे तू जितके दिवस 'बघू' म्हणशील, तितक्या दिवसांचं व्याज गेलं.

आणि सही उशिरा, कारण तुझ्या पायाचं काय होणार ते आज कोणालाच ठाऊक नाही. तुझ्या सर्जनलाही नाही. कित्येकदा एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, पण घोटा वळत नाही, जिना उतरताना गुडघा दुखतो, गाडीला किक मारताना जीव जातो. पुढे कधीतरी रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन निघालं, तर ते कोणाच्या पैशाने करणार? त्या कागदावर सही केलीस की तुझ्याच.

माझं मनगट तू पाहिलं आहेस. टेम्पोने मागून स्कूटरला ठोकलं तेव्हा खानावळ ऐन भरात होती. विमा कंपनीचा माणूस प्लास्टर ओलं असतानाच तडजोडीचा आकडा घेऊन आला. घरात सगळ्यांचं म्हणणं, घे. मी नाही घेतले. डॉक्टरांनी दाखल्यावर अपंगत्व 12 टक्के लिहिलं, आणि दीर म्हणाले, बारा टक्क्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार का? अरे, पण मी दिवसभर पोळ्या लाटणारी बाई. मनगट वळलं नाही तर माझ्याकडे राहिलं काय? सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच सांगितलं आहे: शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. माझ्या वकीलबाईंनी तो निकाल कोर्टापुढे ठेवला आणि कोर्टाने माझा धंदा विचारात घेतला. तोपर्यंत मुलगी दहावीतून कॉलेजात गेली होती. दिरांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. हावरी म्हणाले मला. त्याचं दुःख अजून आहे. पण आज खानावळीत पोळ्यांना दोन बायका आहेत आणि त्यांचे पगार कधी चुकले नाहीत, ते त्या निकालाच्या पैशांमुळे. मी हावरी नव्हते. माझ्या हाताची किंमत मला माहीत होती, एवढंच.

तू तर गाडीवर पोट भरणारा मुलगा. समजा महिना वीस हजार मिळतात आणि कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं. वर्षाचे 2,40,000, त्याचे 20 टक्के 48,000. तेविसाव्या वर्षाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा, 18 लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे. झाले 8,64,000. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के कोर्टाने धरले तर बारा लाखांच्या वर. उपचार, बुडालेली मजुरी, वेदना हे सगळं वेगळं. आता त्या चाळीस हजारांकडे बघ.

आणखी एक सही येईल, तिला तर फारच जप. कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. विमा कंपनी तेवढे देऊ करेल आणि तुला वाटेल, हे घेऊन बाकीचं भांडत राहू. तसं होत नाही. कलम 149 च्या तडजोडीत ती रक्कम स्वीकारलीस की 166 चा अर्ज तिथेच संपतो. पुन्हा सांगते, सही उशिरा.

कमाईचा पुरावा आजच काढ. तू ज्या ॲपसाठी गाडी चालवतोस ते किती दिवस आयडी चालू ठेवेल याचा भरवसा नाही, म्हणून आठवड्याचे पेआउट आत्ताच उतरवून घे, जोडीला बँकेचं स्टेटमेंट. त्याच ॲपमध्ये रायडरसाठी अपघात विमा आहे का तेही बघ आणि असेल तर त्यांना लगेच कळव. तुझ्या स्वतःच्या पॉलिसीतलं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण मृत्यू, हात-पाय-डोळा जाणं किंवा पूर्ण अपंगत्व यासाठी असतं. मोडलेल्या हाडाला त्यातून काही मिळत नाही, उगाच आशा धरू नकोस. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाडं, सगळं तारखेने लाव. प्रवासखर्च आणि पौष्टिक आहारही भरपाईत धरतात.

बाइकचं थोडक्यात: विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गॅरेजवाल्याला स्क्रूसुद्धा काढू देऊ नकोस. तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर तुझी कंपनी बाइकचं काही देणार नाही, ते नुकसानही समोरच्याच्या विम्याकडे मागायचं.

हॉस्पिटलच्या दारात कोणी वकील 'आधी काही नको, नंतर टक्केवारी द्या' म्हणाला तर त्याला वाटेला लाव. असा वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पैशाची अडचण असेल तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे फुकट वकिलासाठी अर्ज करता येतो.

भाड्याचं मला कळतं. पोट रिकामं असताना थांब म्हणणं सोपं नाही, म्हणून नुसतं थांब म्हणत नाही. दोन वेळचा डबा माझ्याकडून येईल, तुझा आणि आईचा, पाय टेकेपर्यंत. घरमालकांशी मी बोलते, ते माझे जुने गिऱ्हाईक आहेत. गाडीवाल्यांना नम्रपणे चेक परत कर आणि सांग, काका, तुमच्यावर राग नाही, विम्याचं काम विम्याच्या वाटेने होऊ द्या. आईला माझ्याशी फोनवर बोलायला सांग.

सोमवारी दुपारी वकीलबाई वेळ देणार आहेत. त्यांचं ऑफिस तळमजल्यावर आहे, वॉकर घेऊन ये. फाइल आणायला विसरू नकोस.

तुझी,
खानावळवाली काकू