उभ्या गाडीतली झोप आणि गुजरातचा दारूबंदी कायदा

प्रश्न : माझा भाचा इंदूरला नोकरी करतो. गेल्या महिन्यात तो मित्राच्या मोटारीने आमच्याकडे बडोद्याला आला. वाटेत झाबुआकडे जेवताना त्याने मद्य घेतले होते. मित्र पीत नाही आणि गाडी सर्व वेळ तोच चालवत होता. दांडिया बाजारात गाडी रस्त्याच्या कडेला लावून मित्र सामान घेऊन वर आला, आणि भाचा पुढच्या आसनावर तसाच झोपून राहिला. गस्तीच्या पोलिसांनी त्याला उठवले, सरकारी रुग्णालयात नेऊन रक्ताचा नमुना घेतला आणि गुन्हा नोंदवला. गाडी बंद होती, किल्ली मित्राच्या खिशात होती. मग गुन्हा कसला?
— एक मावशी, बडोदे

उत्तर : ताई, आपल्या मनात मोटार वाहन कायदा आहे, आणि तेवढ्यापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. 1988 च्या त्या कायद्याचे कलम 185 गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाच लागू होते. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. इंग्लंडच्या 1988 च्याच रस्ते वाहतूक कायद्यात नशेत गाडी नुसती ताब्यात असणे हाही गुन्हा आहे. आपल्या कलमात तसे शब्द नाहीत. म्हणून बंद गाडीत, किल्ली जवळ नसताना झोपलेल्या माणसावर हे कलम टिकणे अवघड आहे. मात्र वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवून चालकाच्या आसनावर कोणी झोपला असेल, तर तो गाडी नेण्याच्या बेतात होता असा आरोप होऊ शकतो. शिवाय बंदिस्त जागेत चालू इंजिनाचा विषारी वायू गाडीत साचतो, त्याला वास नसतो आणि मद्याच्या झोपेत माणूस जागा होत नाही. तेव्हा कायदा बाजूला ठेवला, तरी असे कधीही करू देऊ नये.

परंतु आपण गुजरातेत राहता, आणि इथे गाडी उभी होती की चालू होती हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. 1949 चा मूळ मुंबई दारूबंदी कायदा आज गुजरातच्या नावाने इथे लागू आहे. त्याचे कलम 66 परवान्याविना मद्य पिण्याला शिक्षा सांगते. कलम 85 त्याहून वेगळे आहे : रस्त्यावर किंवा लोकांचा वावर असलेल्या जागी जो नशेत स्वतःला सांभाळू शकत नाही, जो गैरवर्तन करतो, किंवा जो परवाना नसताना नशेत आढळतो, तो त्या कलमाखाली येतो. आपल्या भाच्याच्या बाबतीत माझ्या मते खरी अडचण याच कलमाची आहे.

मद्य मध्य प्रदेशात घेतले होते, हा बचाव कलम 66 पुरता मोलाचा आहे, कारण गुजरातचा कायदा झाबुआतल्या जेवणावर चालत नाही. त्यासाठी जेवणाचे बिल, टोलच्या पावत्या आणि मित्राचा जबाब आजच वकिलांकडे द्या. कलम 85 पुढे हा बचाव लंगडा पडतो, कारण तिथे कोठे प्यायला यापेक्षा कोठे सापडला हे पाहिले जाते. खासगी गाडी म्हणजे खासगी जागा, असेही गृहीत धरू नका. झारखंडातून बिहारमध्ये आलेल्या प्रवाशांनी बिहारच्या दारूबंदी कायद्याखालील खटल्यात असाच युक्तिवाद केला होता. सार्वजनिक रस्त्यावरची खासगी मोटार सार्वजनिक जागेच्या व्याख्येबाहेर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले. तो निकाल बिहारच्या कायद्यातील व्याख्येवर आहे, तरीही सरकारी वकील इथे त्याचा आधार घेतील, हे धरून चला.

आता पुराव्याकडे वळू. तोंडाला वास येणे, पाय लटपटणे, बाहुल्या विस्फारणे एवढ्यावरून मनाई असलेले मद्य घेतल्याचे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये म्हटले आहे. त्यामुळे सारा भर रक्ताच्या अहवालावर येतो. रक्तात 0.05 टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क निघाला, तर आपण घेतलेले पेय औषधासारख्या सूट असलेल्या प्रकारातले होते हे दाखवण्याची जबाबदारी कलम 66 च्या खटल्यात आरोपीवर येते. म्हणूनच नमुना कसा घेतला याची चौकशी वकिलांनी बारकाईने केली पाहिजे : नमुना नोंदणीकृत डॉक्टरांनी घेतला का, बाटली मोहोरबंद होती का, आणि सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने तर पुसली नव्हती ना. 1959 च्या नियमांत या कामी मद्यार्काचा स्पर्शही होऊ न देण्याची सूचना आहे.

गाडीत बाटली सापडली नसेल, तर तसे पंचनाम्यात नमूद आहे का ते पाहा. बाळगण्याचा आणि वाहतुकीचा आरोप जडला तर मित्राची गाडीही जप्तीत अडकते. परराज्यातील पाहुण्याला मिळणारा परवाना भाच्याने काढला असेल तर तो हजर करा, पण नंतर काढलेला परवाना मागच्या तारखेला उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो, असा सल्ला त्याला कोणी ना कोणी देईल. त्याचे वय आणि नोकरी पाहता, रक्ताचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत वकिलांनी वाचल्याशिवाय त्याने कोणत्याही कबुलीवर सही करू नये.